ट्रॅक्टरचा गळा

नाना सकाळी म्हैस घेऊन गेले आणि दिवेलागणीच्या आत ट्रॅक्टर घेऊन आले. जाताना मायला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की चंद्रीला कळंबला जनावरांच्या डॉक्टरला दाखवून आणतो, तिचं एक सड दुखतंय. माय भोळी नव्हती, पण दिराच्या शब्दावर संशय घ्यायची रीत आमच्या घरात नव्हती. संध्याकाळी दारात दोन बैलगाड्या उभ्या राहिल्या. एकीत लोखंडाचं मोठं धूड, दुसरीत त्याची चाकं आणि पोत्यात भरलेले सुटे भाग. धुडाला गुळवेल इतकी गुंडाळली होती, की लोखंड कुठं संपतं आणि वेल कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. माय ताक घुसळत होती. रवी तशीच सोडून ती दारात आली, दोन्ही गाड्यांकडं पाहिलं, गाड्यांच्या मागं पाहिलं आणि विचारलं, "भावजी, चंद्री कुठंय?" नानांनी धुडाकडं बोट दाखवलं. ते उत्तर मायनं जन्मभर विसरू दिलं नाही.

नाना म्हणजे माझ्या वडलांचे धाकटे भाऊ. बार्शीच्या कापड गिरणीत आठ वर्षं फिटरच्या हाताखाली काम करून, मुकादमाशी भांडून ते गावी परत आले होते. लग्न केलं नव्हतं, आणि शेतात मन लागत नव्हतं. कळंबच्या अलीकडं एका जागीरदाराची मोसंबीची बाग होती. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर जागीरदार हैदराबादला निघून गेले आणि बागेत दोन झाडांच्या ओळींमधून फिरवायला आणलेला हा लहानसा ट्रॅक्टर जाताना राखणदाराला बक्षीस देऊन गेले. राखणदाराची चार लेकरं दुधावाचून होती आणि ट्रॅक्टर काही दूध देत नव्हता. नानांना ट्रॅक्टर हवा होता आणि आमच्या गोठ्यात म्हैस होती. सौदा पाच मिनिटांत झाला म्हणतात. म्हैस मायच्या माहेरची होती, एवढी एकच गोष्ट त्या पाच मिनिटांत कुणाला आठवली नाही.

माझे वडील, आबा, भांडणाला घाबरणारे गृहस्थ. ते दोन दिवस रानातच जेवले. शेवटी मायनंच निवाडा केला. चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता, कुणाकडं न पाहता ती म्हणाली, "दसऱ्याच्या आत ह्या धुडानं आपलं रान कुळवलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाय कुळवलं तर ज्याचं त्याला द्या आन् माझी चंद्री दावणीला आणून बांदा. आन् एक सांगते, शकीनं त्याच्यावर बसायचं न्हाय." शकी म्हणजे मी, चौदा वर्षांची, सातवी पास. पहिल्या अटीनं नानांची झोप उडाली आणि दुसरीनं माझी. कारण गाडीतून उतरवतानाच मी त्या ट्रॅक्टरची भोकाभोकांची लोखंडी बैठक पाहिली होती, आणि ती मला माझ्याच मापाची वाटली होती.

तो पावसाळा आमच्या घरानं कोरा चहा पिऊन काढला. दूध नाही, दही नाही, कण्यांवर ओतायला ताकसुद्धा शेजारच्या लक्ष्मीआत्याकडून तांब्याभर आणायचं. माय प्रत्येक जेवणाला एकदा तरी म्हणायची, "वाडू का धुडाचं ताक?" आणि नाना मान खाली घालून सुकं पिठलं गिळायचे. जेवण झालं की आम्ही दोघं गोठ्यात. चंद्रीच्या जागेवर पोतं अंथरून नाना एकेक भाग उघडत आणि मी रॉकेलनं धूत असे. मायची एक परात त्यात कायमची गेली, ती वेगळी गोष्ट. मी राखेनं आणि विटकरीच्या चुऱ्यानं गंज काढायची. टाकीत कुंभारमाशीनं केलेली मातीची घरं होती, ती काडीनं कोरून काढली. त्या दोन महिन्यांत माझ्या हाताच्या रॉकेलच्या वासानं घरात कुणी मला पीठ मळू देईना, त्याचं मला जराही दुःख झालं नाही. नाना शिकवत होते तसं नंतर कुणी शिकवलं नाही. "ह्यो काय करतो?" असं ते प्रत्येक भाग हातात देऊन विचारायचे आणि मी सांगेपर्यंत पुढचा भाग उघडायचे नाहीत.

सगळं जुळलं, एक सोडून. सायलेन्सर. तो हातात घेतला आणि शिळ्या भाकरीसारखा तुकडे होऊन खाली पडला. नाना म्हणाले, "आवाजाचं काय, आवाज झाला तर झाला." माणूस आठ वर्षं कापड गिरणीत राहिला की त्याला आवाज ऐकू येईनासा होतो, असं माझं मत आहे. त्यांनी हँडल मारलं. चौथ्या फेऱ्याला इंजिन लागलं आणि उघड्या नळीतून असा फाट्‌ फाट्‌ फाट्‌ आवाज निघाला, की गोठ्याच्या आढ्यावरची कबुतरं उडाली ती तीन दिवस परतली नाहीत. त्याच वेळी गल्लीतून शेजारच्या सोपानरावांची कडब्याची गाडी चालली होती. बैल उधळले, गाडी वेशीच्या भिंतीला घासून कलंडली आणि सोपानराव कडब्याच्या ढिगावर बसल्या बसल्या गावाबाहेर पोचले. त्यांना लागलं नाही. पण गल्लीतल्या कितीतरी घरांनी आतून कड्या लावून घेतल्या होत्या. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला फार वर्षं झाली नव्हती. असा बंदुकीसारखा आवाज आला की दार लावायचं, ही सवय म्हाताऱ्या हातांत अजून होती. मी ते विसरले होते. लक्ष्मीआत्या दार उघडून बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि मला पहिल्यांदाच आमच्या ट्रॅक्टरची लाज वाटली.

चावडीवर पंच बसले. फार बोलणं झालंच नाही. ट्रॅक्टर ठेवा, पण त्या आवाजानं गावातून न्यायचा नाही. आमचं रान वेशीपलीकडं आणि रस्ता तो एकच. म्हणजे ट्रॅक्टर गोठ्यात आणि रान सहा फर्लांगांवर. मायनं चंद्रीची दावण काढून, धुऊन उन्हात वाळत घातली.

परवा माझ्या नातवानं मोटारसायकलचा चांगला सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवून आणला आणि मोठ्या कौतुकानं मला ऐकवला. मी त्याला म्हटलं, बाबा, तुझ्या आजीनं आणि तिच्या चुलत्यानं अख्खा भाद्रपद ह्याच्या उलटं करण्यात घालवला. त्याला ते पटलं नाही. आम्ही काय काय केलं म्हणून सांगू! नळीला खोबरेल तेलाचा डबा जोडला; आवाज कमी झाला नाही, डबा मात्र सोपानरावांच्या छपरावर जाऊन पडला. वाळू भरलेला डबा लावला. इंजिनाचा श्वास कोंडून ते बंदच पडलं. मायची तांब्याची तपेली लावली, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. ओल बेताची होऊन वाफसा आला की लोक कुळव घेऊन रानात जात होते. आमच्या दोन बैलांपैकी एक थकलेला, त्यामुळं आमचं रान तणानं हिरवंगार. दसरा जवळ येत चालला.

अशात एका सोमवारी मी जोंधळ्याची पाटी घेऊन गिरणीत गेले. आमच्या गावाला पिठाची एकच गिरणी, हुसेनचाचांची. इंजिनावर चालायची. तिच्या धुराड्याच्या तोंडावर चाचांनी पत्र्याचा एक डबा ठोकून बसवला होता, एका अंगाला भोक पाडलेला. त्यातून आवाज निघायचा, कुक्‌ कुक्‌ कुक्‌ कुक्‌, कोसभर ऐकू जाणारा. तीच चाचांची दवंडी. तो आवाज आला की वाड्यावस्त्यांवरच्या बाया पाट्या भरून निघायच्या. आमच्या भागात तेव्हा सगळेच गिरणीवाले असं काही ना काही नळीला लावायचे, आणि बायकांना आपापल्या गिरणीचा आवाज ओळखू यायचा. मी नंबर लावून बाहेर बसले. समोर लिंबाखाली चार बैल बांधलेले. गिरणीपासून दहा पावलांवर. डोळे मिटून रवंथ करत होते. मी त्या बैलांकडं बघत राहिले. त्यातले दोन सोपानरावांचे होते!

दळण तसंच टाकून मी घरी पळत आले. "नाना, बैलाला गिरणीचं भ्या वाटत न्हाय!" नाना इंजिनात डोकं घालून बसले होते. त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी नेमकी गिरणी बंद पडली; इंजिनाचा पंप गेला आणि चाचा तो दुरुस्त करायला बार्शीला गेले. आम्ही काय केलं ते सरळ सांगते. आम्ही गिरणीच्या पत्र्यावर चढलो, सुतळीनं तो डबा मोजला, भोकाला माझी करंगळी लावून माप घेतलं आणि तस्साच डबा घरी केला. विचारायला चाचा गावात नव्हते, असं आम्ही एकमेकांना दोनदा म्हणालो. चार दिवस थांबलो असतो तर विचारता आलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी ट्रॅक्टर गल्लीत आला. कुक्‌ कुक्‌ कुक्‌ कुक्‌. सोपानराव दोन्ही कासरे मुठीत आवळून, पाय रोवून उभे. बैलांनी कान हलवले आणि शेपटीनं माशी उडवली. बस्स, एवढंच. पंचांनी एकमेकांकडं पाहिलं, पोरं ओरडली, आणि नाना राजासारखे वेशीतून बाहेर पडले. मी मागं कुळवावर दगड बनून उभी होते, वजनाला. माय दारात उभी राहून बघत होती. रानात दोन फेऱ्या झाल्यावर, बांधाला कुणी नाही असं बघून, नाना खाली उतरले आणि म्हणाले, "बस." मी बसले. पाय पोचले. मी मोठ्यानं गात होते एवढं आठवतं, आणि इंजिनापुढं माझं गाणं मलाच ऐकू येत नव्हतं.

तिसऱ्या फेरीला वळले तर बांधावर बाया. डोक्यावर पाट्या. आधी चार-पाच, मग दहा, मग रांगच. सगळ्यांत पुढं लक्ष्मीआत्या. मी घाबरून उतरले, नानांनी इंजिन बंद केलं. आत्या दम खात म्हणाली, "आगं, गिरणी रानात कवा आणली?" गिरणी बंद पडल्यापासून घराघरांत जाती फिरत होती आणि बायांचे खांदे भरून आले होते. कुक्‌ कुक्‌ ऐकताच त्या पाट्या घेऊन गिरणीत गेल्या, गिरणीला कुलूप, आणि आवाज तर येतोय. म्हणून आवाजामागं चालत इथवर आल्या होत्या. कुणी अर्धा कोस, कुणी एक. आवाज ट्रॅक्टरचा आहे हे कळल्यावर आधी एकजण हसली, आणि मग अशा हसल्या की पाट्या खाली ठेवून, बांधावर बसून, पदर तोंडाला लावून हसल्या. "नाना, दळून द्या आता! पसा पसा टाका त्या डब्यात!" नाना लाजून लाल झाले. मीही हसत होते. तेवढ्यात हसू एका बाजूनं थांबत थांबत आलं.

हुसेनचाचा उभे होते. फाट्यावर एस्टीतून उतरल्या उतरल्या त्यांना स्वतःच्या गिरणीचा आवाज ऐकू आला होता, आणि गिरणीचा पंप त्यांच्या काखेतल्या पिशवीत होता. आधी त्यांना वाटलं, कान गेले. मग ते पळत आले होते. साठीचा माणूस, घामानं डबडबलेला. त्यांनी बायांकडं पाहिलं नाही, आमच्याकडंही नाही. सरळ डब्याकडं गेले, भोकात बोट घातलं. "नाना," ते म्हणाले, "माझं पीठ नेलं असतंस तर म्या बोललो नसतो. ये मेरा आवाज है रे. ह्याच्यावर माझी चूल चालते. कायकू चुराया?" रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज चिरकला होता. मी पुढं झाले आणि म्हणाले, "चाचा, माप म्या घेतलं. कल्पना बी माझीच हुती." हे खरं होतं.

नानांनी तिथल्या तिथं डबा उपटला आणि चाचांच्या पायाशी ठेवला. मग उघड्या नळीचा ट्रॅक्टर आम्ही बैल लावून ओढत घरी आणला. दसऱ्याला सहा दिवस होते आणि रानाचा चतुर्थांशही झाला नव्हता. त्या संध्याकाळी मायनं कधी नव्हे ते नानांना टोमणा मारला नाही, आणि आम्हा दोघांना त्याचंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांचा निरोप आला: ट्रॅक्टर गिरणीवर आणा, आणि पोरीला बी आणा. आम्ही बैलांनी ओढत नेला. चाचांनी गिरणीत पंप बसवला होता, पण गिरणी अजून चालू केली नव्हती. त्यांच्यापुढं तीन-चार पत्रे, कात्री, भोकं पाडायचा पोगर, हातोडी. आणि आमचा चोरीचा डबा. रात्रभर त्यांना राग होता की काय कोण जाणे, पण आता ते कारागिराच्या तोऱ्यात होते. "चोरी करायची तर नीट करावी," ते मला म्हणाले. "भोक करंगळीएवढं न्हाय, तुझी करंगळी बारीक हाय. जनावर आवाजाला भीत न्हाय, पोरी. फटक्याला भितं. फटका मोडला की कुठला बी आवाज चालतो. मग माझाच कशापायी? ह्याला ह्याचा गळा देऊ." मग त्यांनी अट सांगितली. आज गिरणी चालू होणार हे गावाला ठाऊक आहे, बाया कान लावून बसल्यात. आपण फक्त ट्रॅक्टर चालू करायचा. पाटी घेऊन एक जरी बाई आली, तरी तो आवाज माझा; मोडायचा. कुणीच आली नाही तर तो तुमचा.

पहिल्या डब्याला सात बाया आल्या. चाचांनी हसत त्यांच्या पाट्या नंबराला लावून ठेवल्या आणि डबा चेपून फेकला. दुसरा लांब होता, भोक खालच्या अंगाला. तीन बाया आल्या, त्यांतली एक अर्ध्या वाटेवर थांबून ऐकत होती, असं ती स्वतःच म्हणाली. चाचांनी मान हलवली. "जवळ आलो." तिसरा डबा त्यांनी दुहेरी पत्र्याचा केला, आत एक आडवी पट्टी. नाना आणि ते चिमट्यानं डबा धरून जागा बघत होते, म्हणून इंजिनाचा हात, म्हणजे वेग कमीजास्त करायचा दांडा, सांभाळायला मला बैठकीवर बसवलं. मी हळूहळू वाढवलं. आवाज निघाला, जाड, खालच्या पट्टीतला, घुम्‌ घुम्‌ घुम्‌ घुम्‌. लिंबाखालच्या बैलांनी एकदा मान वर केली आणि परत खाली घातली. आम्ही थांबलो. गल्लीच्या तोंडाकडं तिघांचे डोळे. कुणी येईना. चाचा बोटं मोडत होते. अजून कुणी येईना. नानांच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं, आणि तेवढ्यात गल्लीतून माय वळली.

नानांचं तोंड उतरलं. आमच्या घरातलंही भाकरीचं पीठ संपलेलं होतं, सकाळी मीच डबा झाडून दिला होता. म्हणजे सगळ्या गावाच्या बायांनी ओळखलं आणि आमच्याच घरची फसली. आणि मी त्या बैठकीवर. उतरायलाही वेळ नव्हता, इंजिनाचा हात माझ्या हातात. मी मान खाली घातली. मग चाचा पुटपुटले, "नाना, पाटी कुठंय?"

मायच्या डोक्यावर पाटी नव्हती. हातही रिकामे, कोपरापर्यंत पिठलं ढवळल्यासारखे पिवळे. ती सरळ ट्रॅक्टरपुढं येऊन उभी राहिली. चाचांनी विचारलं, "वैनी, दळाण न्हाय आणलं?"

"कशाला आणू? गिरणी थोडीच हाय ही," माय म्हणाली. "घरात बसून ऐकत हुते. भावजींचा हात लागला की हे खेकसतं. आज गुमान बोलत हुतं. म्हणलं, आपली शकी बसली वाटतं. म्हणून बघायला आले."

मी इंजिन बंद करायला हात नेला. "बंद करू नगं," ती म्हणाली. तिनं नानांकडं पाहिलं, दसऱ्याचं काही विचारलं नाही, म्हशीचं नाव काढलं नाही. पदर कमरेला खोचला. "चल, हाक. म्या म्होरं चालते," असं म्हणून ती वळली, आणि मी घाबरत घाबरत तिच्या मागं ट्रॅक्टर सोडला. गल्लीत सोपानराव बैल धरून उभे होते, लक्ष्मीआत्या दारात आली होती. माझ्या पुढं दोन हातांवर, पिठल्याचे हात हलवत माय चालली होती आणि घुमणाऱ्या आवाजाच्या वर आवाज काढून सगळ्यांना सांगत होती, "सरका, सरका बाजूला, आमचा ट्रॅक्टर येतोय!"